तापाचा रकाना

बोंडखेडीचा कोतवाल टिकाराम चौदा वर्षं दर सोमवारी आठ मैल चालत ठाण्यावर जायचा आणि गेल्या आठवड्यात गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगून यायचा. जन्माचं काम सोपं. मुलगा की मुलगी एवढं सांगितलं की झालं. का जन्मलं असं कोणी विचारत नाही. मरणाचं मात्र कारण द्यावं लागे. मुन्शी भैयाजींच्या वहीत त्यासाठी सहा रकाने होते : पटकी, देवी, ताप, हगवण, सर्पदंश आणि इतर. माणसाला या सहांपैकी कशानं तरी मरावंच लागे. सातव्या कारणानं मरायची सोय सरकारनं केलेली नव्हती.

टिकारामला अक्षर येत नव्हतं, पण रकाने पाठ होते, आणि कोणत्या रकान्यातून काय निघतं हेही त्याला पुरतं ठाऊक होतं. पटकी सांगितली की विहिरीत औषध पडतं आणि आठ दिवस पाणी तोंडात धरवत नाही. देवी सांगितली की सुया घेऊन माणसं येतात. साप सांगितला की पंचनामा. 'इतर' तर तोंडातून काढूच नये. 'इतर' म्हटलं की जमादार सायकलवर येतो, दोन दिवस मुक्काम करतो आणि गावातल्या कोंबड्या कमी होतात. राहता राहिला ताप. ताप गरीब होता. त्याला कोणी काही विचारत नसे.

वेचणीच्या दिवसांत तर तापावाचून चालतच नसे.

बोंडखेडीची निम्म्याहून जास्त कपाशी रूपरावजींची. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन चार वर्षं झाली होती, पण ती गेल्याची बातमी गावाला नीटशी पोचली नव्हती. लोक अजून त्यांना मालक म्हणत आणि तेही ओ देत. दिवाळी सरली की गोंड मोहल्ल्यातल्या, कुणबीवाड्यातल्या बाया उजाडताच त्यांच्या वावरात उतरत. अंगावरची पोरं बरोबर. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली फडकी अंथरून पोरांना ओळीनं निजवायचं, माशा बसू नयेत म्हणून तोंडावर लुगड्याचा तुकडा टाकायचा, आणि ओटी बांधून कपाशीच्या ओळीत, तासात शिरायचं. त्याआधी प्रत्येक आई एक गोष्ट करी. मोहरीएवढी काळी गोळी अंगावरच्या दुधात बोटानं कालवी आणि पोराला चाटवी. ती बाळगोळी. तिच्यात अफू. दिवस मावळेपर्यंत पोर हूं की चूं करीत नसे.

सरकार अफूची दुकानं एकेक करून बंद करत आणत होतं. त्यामुळे सेलूच्या बाजारात ही गोळी आता पुढच्या दारानं मिळेनाशी होऊन मागच्या दारानं मिळू लागली होती. मागच्या दाराच्या मालाला माप नसतं. एक गोळी नुसती झोप आणी, तर दुसरी त्याच पुडीतली असून बैल पाडील अशी निघे.

रूपरावजींना या शांततेचा अभिमान होता. पाहुणा आला की ते त्याला धुऱ्यावर आणून उभा करीत. "अकरा लेकरं हायेत इथं, अकरा. आवाज येते का?"

पाहुणा कान देई. आवाज येत नसे.

दर वेचणीत दोन-तीन पोरं संध्याकाळी तुकडा काढला तरी उठत नसत. आई हंबरडा फोडी. बाकीच्या म्हणत, "ताप असन वं बाई. अंग तर पाह्य कसं गरम लागून राह्यलं." ते खोटंही नव्हतं. दिवसभर उन्हात पडलेल्या पोराचं अंग गरम लागतंच. सोमवारी टिकाराम ठाण्यावर जाऊन म्हणे, "ताप." दोन वर्षांमागं त्याचा स्वतःचा नातू असाच गेला, तेव्हाही तो आठ मैल चालत गेला होता आणि "ताप" म्हणून आला होता. भैयाजींनी त्या दिवशी त्याला चहा पाजला होता.

एवढ्याशा गावात दर हिवाळ्याला एवढा ताप, हे शेवटी नागपूरच्या कोण्या साहेबाच्या नजरेत आलं, असं गावानं ऐकलं. साहेब हुशार असावा. ताप म्हणजे हिवताप आणि हिवताप म्हणजे डास, हे त्यानं खुर्चीवरून न उठता ओळखलं. पिचकारीवाले आले, घराघरांत भांडी बाहेर काढायला लावून भिंतींवर डीडीटी मारून गेले. डास मेले. ढेकूण मेले. पाटलाची दोन मांजरं मेली. पुढच्या वेचणीत दोन पोरं मेली. ढेकणांच्या बाबतीत मात्र गाव सरकारवर बेहद्द खूश झालं.

टिकारामची सून बायजा. नातू गेल्यानंतर तिला मुलगी झाली. बुधवारी झाली म्हणून बुधी. बायजा फारसं बोलणारी बाई नव्हे. तिनं कोणाशी वाद घातला नाही, कोणाला उपदेश केला नाही. फक्त बुधीला गोळी दिली नाही. पोर पाठीला बांधून ती वेचणीला जाई. पोर रडे, केस ओढी, ओटीतला कापूस तोंडात घाली. बायजाचा कापूस संध्याकाळी सगळ्यांपेक्षा कमी भरे, आणि रूपरावजींच्या शांत वावरात एकच आवाज उठे, तो बुधीचा. बाया हसत. म्हणत, "तुह्यी पोरगी पुढं कोतवालीन होते, बाई. आत्तापासून दवंडी देऊन राह्यली."

टिकारामला ही थट्टा मनातून आवडायची.

एकोणीसशे पंचावन्नच्या मार्गशीर्षात विकास गटाचा शिशुकल्याण सप्ताह निघाला, आणि त्यातला एक दिवस बोंडखेडीच्या वाट्याला आला. विषय : बाळाला कसं झोपवावं. डॉक्टर मीराबाई नावाच्या बाई जीपगाडीतून येणार, प्रत्यक्ष बाळ पाळण्यात निजवून दाखवणार. स्वागताध्यक्ष अर्थात रूपरावजी. सुताराकडून त्यांनी सागाचा पाळणा करून घेतला आणि त्यावर आपलं नावही कोरून घेतलं. डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं होतं ते त्यांनी मास्तरकडून वाचून घेतलं : बाळाला उताणं निजवावं. तोंडावर कपडा टाकू नये. मोठ्यांच्या गोधडीत, दोघांच्या मध्ये घेऊन झोपू नये. गोळी कदापि देऊ नये. आणि प्रात्यक्षिकासाठी जे बाळ आणाल ते कधीही गोळी न दिलेलं असावं, म्हणजे निरोगी झोप कशी असते ते लोकांना पाहता येईल.

रूपरावजींनी मान डोलावली. "लय छान लिवलं हाये." मग त्यांनी टिकारामला बोलावलं.

"गोळी न घेनारं लेकरू कोनतं हाय गावात?"

टिकारामनं विचार केला. फार करावा लागला नाही. "एकच हाय जी मालक. आमची बुधी."

"ते? ते तर बोंबलते रे!"

"पत्रात तसंच पाह्यजे म्हनते जी."

रूपरावजी पाळण्याला हात लावून उभे राहिले. "हे पाह्य टिकाराम. गटाचे साहेब येऊन राह्यले. फोटोवाला येऊन राह्यला. भाषण चालू असताना पोट्टी बोंबलली तं माह्यी काय राहते? मले ते झोपलेली पाह्यजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"झोपते जी. दूध पाजलं का..."

"कशी झोपवतं ते मले सांगू नको. मले काई माईत नाई पाह्यजे. समजलं?"

टिकारामला समजलं. चौदा वर्षांच्या नोकरीत मालकाचं न सांगितलेलं त्याला सांगितलेल्यापेक्षा लवकर समजू लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो खूशही होता. त्या दिवशी पहिल्या ओळीत त्याच्यासाठी खुर्ची ठेवणार होते. नातीचा आजा म्हणून. कोतवालाला खुर्ची ही गोष्ट बोंडखेडीत कोणी ऐकलेली नव्हती. टिकारामनं आदल्या दिवशी स्वतःच सगळ्या खुर्च्या शाळेतून डोक्यावर वाहून आणल्या, आणि त्यांतली कोणती आपली असेल याचा वाटेत बराच विचार केला.

कार्यक्रमाच्या सकाळी बायजा अंघोळीला गेली तेव्हा बुधी फडक्यावर हातपाय झाडत होती. टिकारामनं शेजारणीकडून मागून आणलेली गोळी पागोट्यातून काढली. नातू आठवला. पण नातू रोज घेत होता, ही तर आज एकदाच घेणार, असा त्यानं हिशेब केला, आणि गोळी पाण्याच्या थेंबात कालवून बुधीला चाटवली. बुधीनं तोंड वाकडं केलं आणि आज्याचं बोट दोन हिरड्यांमध्ये घट्ट धरून ठेवलं. टिकाराम हसला. "अवं सोड, सोड. आज तुह्यामुळं खुर्ची हाय मले."

रूपरावजींच्या अंगणात मांडव, तोरणं, सेलूचा बँड. गटाचे साहेब आले, डॉक्टरीणबाई आल्या. फोटोवाला मात्र आला नाही, म्हणून साहेबांनी जीप त्याला आणायला परत सेलूला पाठवली. फोटोशिवाय सप्ताह झाला असं वर कळवता येत नाही.

बायजा नव्या लुगड्यात आली. लुगडं मालकीणबाईंनी दिलं होतं. बुधी तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली. तिला पाळण्यात उताणी ठेवली. तोंडावर कपडा नाही, काही नाही, अगदी पत्रात लिहिल्याबरहुकूम. बँड वाजला. बुधी उठली नाही. रूपरावजी पाऊण तास बोलले; बालक हे देशाचं धन आहे, आणि आपण मालगुजारीच्या काळातही बालकांकडे कसं लक्ष देत होतो, ते त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुधी उठली नाही. मांडवात कौतुकाची कुजबुज सुरू झाली. मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पाह्य वं, बिनगोळीची झोप कशी असते ते."

टिकाराम खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. पूर्ण टेकायचा धीर त्याला अजून झाला नव्हता.

मीराबाई उठल्या. पाळण्याशी उभ्या राहून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "बघा, हे बाळ उताणं निजलंय. नाकातोंडावर काही नाही. श्वास मोकळा. छाती कशी सारखी वर-खाली होते ते बघा..." त्या छातीकडं बघत राहिल्या. लोकही बघत राहिले. त्यांनी बुधीच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली, जोरात. पापणी उघडून पाहिली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ओठ जांभळाच्या रंगाचे.

"जीप!" त्या ओरडल्या. "जीप कुठाय?"

जीप फोटोवाल्याला आणायला गेली होती.

"काय झालं? चांगली तर झोपली हाये," रूपरावजी म्हणाले. "भाषण पुरं होऊ द्या बाई, लोक बसले हायेत."

मीराबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बुधीला उचललं, तिच्या तोंडावर तोंड लावून वारा भरत भरत त्या मांडवाबाहेर धावल्या. टिकारामचा मुलगा मंगरू मालकाकडंच सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा; त्यानं दमणीला, हलक्या बैलगाडीला, बैल जुंपले. दमणीत मीराबाई, बायजा आणि टिकाराम. सेवाग्रामचा दवाखाना नऊ मैल.

दमणी उधळत चालली होती. मीराबाई वारा भरीत, थांबून कान लावीत, पुन्हा भरीत. मधेच मान वर करून त्यांनी विचारलं, "गोळी किती दिली?"

टिकारामनं पागोटं चाचपलं.

"अहो, मी पोलीस नाही. किती दिली ते सांगा."

"एक," टिकाराम म्हणाला. "एकच देल्ली जी. म्या देल्ली."

बायजानं त्याच्याकडं पाहिलं. चौदा वर्षांत टिकारामनं पुष्कळ बायांची तोंडं पाहिली होती, पण हे असं नाही. ती हळूच बोलली, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगत होती. "म्या भी देल्ली मामाजी. अर्धी. मालकीणबाईनं लुगड्यासंग देल्ली होती. म्हने एका दिवसानं काय होते, नवऱ्याची सालदारी पाह्य. म्या दातानं तोडून अर्धीच देल्ली."

मंगरूनं बैलांना इतकं मारलं की एकाच्या पाठीतून रक्त आलं.

मीराबाई वारा भरत राहिल्या. चौथ्या मैलाला समोरून जीप आली. तिच्यात फोटोवाला पुढच्या सीटवर, मांडीवर तिपाई घेऊन. मीराबाईंनी जीप अडवली, पण बुधीला तिच्यात ठेवलं नाही. बायजाच्या मांडीवर ठेवलं, आणि तोंड पुसून तिथंच रस्त्याच्या कडेला बसल्या.

मग त्या टिकारामला म्हणाल्या, "तुम्ही कोतवाल ना? तुमच्या गावचे आकडे मी वाचलेत. तीन हिवाळ्यांत सात मुलं तापानं. सगळी वर्षाच्या आतली, सगळी वेचणीतली. नागपूरच्या साहेबांना मीच लिहिलं होतं, हिवताप आहे म्हणून. फवारा मीच मागवला होता. ताप होता का हो त्यांना?"

टिकारामनं मातीकडं पाहत मान हलवली. नाही.

"मग मला काय कळणार होतं?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुमच्याकडं तीन वर्षं डासांशी भांडत होते."

सोमवार आला. टिकारामनं काठी घेतली आणि आठ मैल चालत ठाण्यावर गेला.

"ये," भैयाजी म्हणाले. वही उघडून त्यांनी टाक दौतीत बुडवला. "मालूम हुआ रे मले. लय वाईट झालं. ताप, ना?"

"नाई जी."

टाक थांबला.

"ताप नव्हता. अफीम. म्या देल्ली. माह्यं नाव लिवा."

भैयाजींनी टाक खाली ठेवला, दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "अबे, अफीमचा रकाना कुठंय? 'इतर'मधी लिवू? मंग लाश उकरतीन. पंचनामा होईन. दोघांनी देल्ली ना, तुह्या सुनेनं भी? तिले आत टाकू? तिची तं आत्ताच पोरगी गेली."

"तिचं नका लिवू. माह्यं लिवा. अन् मालकाचं लिवा, अन् मालकीणबाईचं."

"मालकाचं!" भैयाजींना खरोखर कीव आली. "मालक म्हनतीन मले काई माईत नाई. अन् ते खरंच हाय. तू सांगितलं होतं का त्याईले?"

टिकारामनं सांगितलं नव्हतं. सांगू नको म्हणाले होते.

"अन् त्या बाकीच्या सात लेकराईचं? ते भी पुन्हा लिवायचे? सात आया हायेत रे त्याईच्या. साती जनीले आनशील का इथं?"

त्या सात आयांची तोंडं टिकारामला एकेक करून दिसली. सातवं बायजाचं दिसलं, दमणीतलं. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वहीवर टाक फिरल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि त्यानं भैयाजींना थांबवलं नाही. चार वेटोळ्यांत लिहून झालं. 'ताप' हा शब्द लिहायला फार वेळ लागत नाही.

भैयाजींनी चहा मागवला. टिकारामनं तो घेतला नाही. या ठाण्यात चौदा वर्षांत त्यानं नाही म्हटलेली एवढी एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी तो दवंडीचं डफडं घेऊन रूपरावजींच्या धुऱ्यावर गेला. बाभळीखाली दहा पोरं ओळीनं निजलेली. टिकारामनं एकेकाच्या तोंडावरचा तुकडा काढला आणि डफडं बडवायला सुरुवात केली. सहा पोरं दचकून उठली आणि रडायला लागली. तीन कण्हली. एक हललंच नाही. त्याच्या कानाशी त्यानं इतका वेळ बडवलं की शेवटी त्या पोरानंही डोळे किलकिले केले. बाया कापूस टाकून धावत आल्या.

"अवं, काऊन उठवलं लेकराईले? येड लागलं काय बुढ्याले!"

"आता दिवसभर कोन घेते याले? तू घेतं?"

"सोताची तं खाल्ली, आता आमच्यावर आला!"

टिकाराम वाजवत राहिला. बायजा तिथंच कपाशीच्या एका तासात होती. पाठ रिकामी असल्यानं तिचा हात आता भराभर चालत होता. ती वर बघत नव्हती.

रूपरावजी आले. पोरांचा आक्रोश ऐकून त्यांना क्षणभर आपण दुसऱ्याच कोणाच्या वावरात आलो असं वाटलं. "बंद कर! दवंडी कायची? हुकूम हाय का सरकारचा?"

हुकूम नव्हता. बिनहुकमी दवंडी दिल्याबद्दल तक्रार वर गेली आणि महिन्याच्या आत टिकारामची कोतवाली संपली. नवा कोतवाल तरणा होता, पायांनी चपळ. आठ मैल तो दोन तासांत कापी. पहिल्याच महिन्यात त्यानं ठाण्यावर एक ताप सांगितला.

सप्ताहाचा अहवालही वर गेला. त्यात लिहिलं होतं की बाळ संपूर्ण कार्यक्रमात शांत झोपलेलं होतं आणि उपस्थितांवर त्याचा चांगला परिणाम झाला. डॉक्टर मीराबाईंनीही आपल्या साहेबांना चार पानांचं पत्र लिहिलं. त्याची पोच आली. पाळणा रूपरावजींनी टिकारामच्या घरी पाठवून दिला. नाव कोरलेला पाळणा दुसऱ्या कोणाला देता येत नव्हता.

माघात पिचकारीवाले आले. त्यांच्याकडं यादी होती. टिकारामच्या दारात उभं राहून एकानं कागद पाहिला. "इथं ताप झालता ना, लहान पोरीले?"

बायजा चुलीपाशी बसली होती. ती उठून मागच्या दारानं बाहेर गेली.

टिकारामनं नेहमीच्या रीतीनं भांडी बाहेर काढली, मडकी काढली, गोधड्या काढल्या. पाळणा जड होता. त्याला तो एकट्यानं उचलेना, म्हणून त्यानं तो तिथंच राहू दिला.

"ह्याच्यावर भी मारू का?" पिचकारीवाल्यानं विचारलं.

"मारा जी," टिकाराम म्हणाला. "कोपऱ्यात भी मारा. लय ताप हाय आमच्या गावात."